घरी कसं सांगायचं? एचआयव्ही असलेल्यांसाठी कामाच्या गोष्टी

आयसीटीसीतून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी तपासणी व समुपदेशन केंद्रातून, रिपोर्ट घेऊन बाहेर पडलेल्या माणसाच्या डोक्यात औषधाचा विचार नंतर येतो. आधी येतो तो एकच: घरी काय सांगू? नाशिक जिल्ह्यात हा विचार जास्तच छळतो. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या गावांत सकाळी घरात झालेलं बोलणं संध्याकाळी पारावर पोचतं, आणि सिडको-सातपूरच्या दाटीच्या वस्तीत शेजारचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. म्हणून कोणी वर्षानुवर्षं कोणालाच सांगत नाही, तर कोणी पहिल्याच रात्री घाबरून घरभर सांगून बसतो. त्रास दोघांनाही होतो.

एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. त्यामुळे कोणाला सांगायचं याच्याही आधी कशासाठी सांगायचं ते ठरवा. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सुरुवातीलाच कायद्याचं एक वाक्य लक्षात ठेवा. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय कोणीही तुम्हाला तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट उघड करायला भाग पाडू शकत नाही. सासरा, मालक, घरमालक, सोसायटीचा अध्यक्ष, शाळेचे हेडमास्तर, यांच्यापैकी कोणाचाही तो हक्क नाही. संसर्ग दुसऱ्याला होऊ नये म्हणून काळजी घेण्याची जबाबदारी मात्र कायद्याने तुमच्यावर टाकलेली आहे. जोडीदाराला सांगणं वेगळं आणि बाकीच्यांना सांगणं वेगळं, ते यामुळेच.

कशासाठी सांगायचं?

एका कागदावर नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ: या माणसाला कळल्याने माझं कोणतं काम होणार आहे? बायकोपुढे लिहाल, तिची तपासणी व्हायला हवी. धाकट्या भावापुढे, महिन्याला नाशिकला जाताना सोबत आणि अडीअडचणीला पैसे. आईपुढे, गोळीची आठवण. चुलत्यापुढे काहीच सुचत नसेल तर त्याला सांगण्याची आज गरज नाही. लिहून झालं की कागद फाडून टाका.

काही वेळा एकच कारण उरतं, मन हलकं करायचं. ते कारण खरं आहे, पण त्यासाठी घरातला माणूस निवडू नका. मन हलकं करायला एआरटी सेंटरचे (जिथे एचआयव्हीवरचं औषध, म्हणजे एआरटी, मिळतं तिथले) समुपदेशक आहेत, 1097 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, आणि एआरटी सेंटरमध्ये ओळख होणारे, याच वाटेने गेलेले लोक आहेत. तिथे बोलून झालं की घरच्यांशी बोलताना आवाज कापत नाही. फार खचल्यासारखं वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर लगेच बोला. तेव्हा घरी सांगण्याचा विषय बाजूला राहू द्या.

माणसं कशामुळे सांगतात आणि कशामुळे गप्प राहतात, याची कारणं बहुतेक घरांत सारखीच सापडतात. घर कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणाच्या हातात आहे, माहेरी जायला जागा आहे का, यावर बाईचं सांगणं ठरतं. पुरुषाचं सांगणं बहुधा अपराधीपणावर अडतं. समोरच्याचा रिपोर्ट आधीच पॉझिटिव्ह असेल तर बोलणं सोपं जातं. वजन उतरलंय, खोकला जात नाही, असं दिसायला लागलं की लोक विचारू लागतात आणि माणूस घाईत काहीतरी बोलून बसतो. उलट गोळ्या सुरू होऊन तब्येत सावरली की बोलण्यात जोर येतो, कारण समोरचा तुमच्याकडे बघूनच निम्मं समजतो.

पुरुष आधी आईला किंवा मोठ्या भावाला सांगतात आणि बायकोला शेवटी, किंवा तिला सांगतच नाहीत, हे फार दिसतं. ही उलटी ओळ आहे. ज्या व्यक्तीच्या शरीराशी हा विषय जोडलेला आहे तिला सगळ्यांत आधी कळलं पाहिजे. तिला सासूकडून कळलं, तर पुढे कितीही समजावलं तरी "घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं" हे तिच्या मनातून जात नाही, आणि ते जाऊ नये यात तिची चूकही नाही.

बोलण्याआधी हाताशी काय हवं

पहिली गोष्ट म्हणजे पक्का रिपोर्ट. एखाद्या खासगी लॅबची एकच चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घरी बोलू नका. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह असं सांगितलं जातं. ही तपासणी मोफत आहे. सिव्हिलमध्ये तर आहेच, ग्रामीण रुग्णालयांतही सोय आहे. तुमच्या तालुक्यात कोणी ओळखीचं भेटेल अशी भीती असेल तर दुसऱ्या तालुक्यात जाऊन करा.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध. एआरटी 2004 पासून सरकारकडून मोफत मिळते, आणि 2017 पासून सीडी4 (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान झाल्यावर लगेच सुरू करतात. बहुतेक प्रौढांना रोज एकच गोळी असते, टीएलडी. तिच्यात टेनोफोव्हिर 300, लॅमिवुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम असतं. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासतात. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि गोळ्या रोज चालू राहिल्या, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अनेक देशांतल्या जोडप्यांवर वर्षानुवर्षं झालेल्या अभ्यासांतून हे पक्कं झालं आहे. घरी बोलताना तुमच्याकडे याहून मोठा आधार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधाला मात्र हा नियम तसाच्या तसा लावू नका, त्याबद्दल एआरटीच्या डॉक्टरांशीच बोला.

मग व्हायरल लोड दबेपर्यंत सहा महिने थांबावं का? भाऊ, बहीण, आईवडील यांच्यासाठी हो, थांबलात तर उत्तम. जोडीदारासाठी थांबू नका. तोपर्यंत प्रत्येक वेळी निरोध हवाच, आणि एका बाजूने निरोध सुरू करून दुसऱ्या बाजूने कारण न सांगणं फार दिवस चालत नाही. शिवाय शेवटचा संबंध 72 तासांच्या आतला असेल आणि जोडीदार निगेटिव्ह असेल, तर पीईपी म्हणजे 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या देता येतात का हे डॉक्टर ठरवू शकतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या. गप्प राहिलात तर ती संधी जाते.

तिसरी गोष्ट, चार उत्तरं पाठ करा. ती पुढे दिली आहेत. समोरचा माणूस विचारतो तेव्हा तुम्ही गोंधळलात तर तो गुगलवर जातो आणि तिथला पहिला फोटो वीस वर्षांपूर्वीच्या, औषध न मिळालेल्या रुग्णाचा असतो.

पहिलं बोलणं

वेळ निवडताना घरचं हवामान बघा. द्राक्षाची गोडी छाटणी चालू आहे, मजूर आलेत, कांद्याचा भाव पडलाय, घरात कोणाचं लग्न ठरलंय, अशा दिवशी नको. दारू प्यालेल्या माणसाशी नको आणि स्वतः पिऊन तर नकोच. भांडणाच्या भरात "तुला माहीत तरी आहे का मला काय झालंय" असं तोंडातून गेलं की पुढची कित्येक वर्षं ते भांडणातलं हत्यार होऊन बसतं. फोनवर सांगणं टाळा. व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवणं तर कधीच नको, तो फोटो पुढे कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

जागा अशी हवी जिथे तासभर कोणी येणार नाही, पण हाक मारली तर ऐकू जाईल. मुलं शाळेत असतानाची दुपार बरी. घरात जमत नसेल तर एआरटी सेंटर किंवा आयसीटीसीमधली समुपदेशकाची खोली ही आमच्या मते सगळ्यांत चांगली जागा. तुम्ही जोडीदाराला "माझ्या तब्येतीबद्दल डॉक्टरांना दोघांशी बोलायचंय" असं सांगून आणायचं, समुपदेशकांना आधी कल्पना द्यायची, आणि सांगायचं तुम्ही की त्यांनी, हे आधीच ठरवून ठेवायचं. तिथल्या तिथे जोडीदाराची तपासणी होते, प्रश्नांना तिथेच उत्तरं मिळतात. रडायलाही जागा असते.

सुरुवातीचं वाक्य छोटं ठेवा आणि पहिल्या दोन मिनिटांत मूळ गोष्ट सांगा. लांबण लावलीत तर समोरचा मनात याहून भलतंच काहीतरी रचू लागतो. बायको नवऱ्याला असं म्हणू शकते:

"अहो, जरा बसा. गरोदरपणाच्या तपासणीत माझा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. औषध चालू केलंय, रोज एक गोळी आहे. बाळाला होऊ नये म्हणून उपचार आहेत. आता तुमची तपासणी लवकर करायला लागेल. मी तुमच्यासोबत येते."

नवऱ्याने बायकोला सांगायचं तर:

"सविस्तर सगळं बोलू, पण आधी हे ऐक. मला एचआयव्ही आहे. सिव्हिलला तपासलं, पक्कं झालंय. गोळ्या सुरू केल्यात. तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं होतं. तुझी तपासणी करायची आहे, उद्या जाऊ. तुला राग आला तर तो बरोबरच आहे."

दोन्हींत चार गोष्टी आहेत: नाव, उपचार, समोरच्यासाठी पुढचं पाऊल, आणि सोबत. "एड्स झालाय" असं म्हणू नका. एड्स ही उपचार न मिळाल्यास पुढे येणारी अवस्था आहे, आणि तो शब्द ऐकला की लोकांना मरण दिसतं. "कॅन्सर तर नाही ना झाला" अशी तुलनाही करू नका.

बोलून झालं की गप्प बसा. हे फार जणांना जमत नाही. समोरचा पाच मिनिटं काही बोलला नाही तरी ती शांतता भरायला जाऊ नका, तिथेच माणसं नको ते कबूल करतात किंवा नको त्या शपथा घालतात.

चार प्रश्न येतातच

"कुठून आला?" हा पहिला. गरोदरपणात बाईची तपासणी ठरलेली असते, म्हणून घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि "तिने आणला" असं सगळे ठरवून टाकतात. ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याला लागण आधी झाली, असं मुळीच नाही. कोणाकडून कोणाला, हे रिपोर्टवर दिसत नाही आणि सीडी4च्या आकड्यावरूनही सांगता येत नाही. उत्तर द्या: "कधी आणि कुठून हे रिपोर्ट सांगत नाही. आत्ता तुमची तपासणी महत्त्वाची आहे." दवाखान्यातल्या सुईची, रक्त चढवल्याची खोटी गोष्ट रचू नका. पुढे कोणीतरी तारीख विचारतं, कागद मागतं, आणि एक खोटं उघडं पडलं की औषधाबद्दल सांगितलेलं खरंही खोटं ठरतं. ज्याला खरं कारण माहीत आहे त्याने पहिल्या दिवशी सगळा तपशील काढत बसू नये. "त्याबद्दल मी तुझ्याशी बोलणार आहे, पळणार नाही" एवढं म्हणावं आणि ते पाळावं.

"किती दिवस आहेत?" वेळेत गोळ्या सुरू झाल्या आणि रोज घेतल्या तर माणूस इतरांसारखंच दीर्घ आयुष्य जगतो, काम करतो, शेत कसतो.

"पोरांना होईल का?" एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एक संडास वापरल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. गरोदर बाईने उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात 15 ते 45 असतो, उपचार नीट घेतले तर तो पाचच्या खाली येतो. आई पॉझिटिव्ह असेल तर आधीच्या सगळ्या मुलांची एकदा तपासणी करून घ्या, तब्येत ठणठणीत दिसली तरी.

"भांडी वेगळी ठेवायची का?" नाही. ब्लेड, रेझर आणि टूथब्रश ज्याचा त्याचा, आणि तो नियम तसाही सगळ्या घरांना लागू आहे.

जोडीदाराचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो एका तपासणीवर सोडू नका. तीन महिन्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करा. इथे एक चूक हमखास होते: निगेटिव्ह आलेला जोडीदार "मला होतच नाही" असं समजून निरोध सोडतो. निरोध कधी थांबवायचा हे व्हायरल लोडचा कागद पुढे ठेवून डॉक्टरांशी दोघांनी बोलून ठरवायचं.

पहिल्या आठवड्यात समोरचा माणूस वेगळा झोपेल, जेवणार नाही, गुपचूप खासगी लॅबमध्ये जाऊन तपासणी करून येईल. चालू द्या. या काळात दोन गोष्टींवर मात्र नजर ठेवा. एक, "अमक्या गावाला जडीबुटी देतात, महिन्यात निगेटिव्ह होतो" असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. त्यापायी गोळ्या बंद होता कामा नयेत. दोन, आता हे आणखी कोणाला सांगायचं यावर तुमचं दोघांचं एकमत. "तुझ्या बहिणीला सांगायचं असेल तर आधी मला सांग" हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा "कोणाला सांगू नको हं" म्हणून सांगितलेल्या दुसऱ्या माणसाकडून.

मार, हाकलून देणं, याची भीती असेल तर

ही भीती असलेल्या बाईला "खरं बोल, सगळं ठीक होईल" असा सल्ला कोणी देऊ नये. तो सल्ला देणारा रात्री तिथे नसतो.

स्वतःला विचारा: याआधी हात उचललाय का? जीव घेण्याची धमकी दिलीय का? पैसे, फोन, कागदपत्रं त्याच्याच ताब्यात आहेत का? एकाही प्रश्नाचं उत्तर हो असेल तर एकटीने घरात सांगू नका. कायदाही हे मानतो. जोडीदाराला सांगण्याचं कलम आणि संसर्ग टाळण्याच्या जबाबदारीचं कलम, दोन्हींत मारहाण, सोडून देणं किंवा जिवाला धोका अशी रास्त भीती असलेल्या बाईला सूट दिलेली आहे.

एरवीही जोडीदाराला परस्पर सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशकालाच आहे, आणि तोही अटी पाळून. जोडीदाराला खरोखर धोका आहे, तुम्हाला सांगण्याबद्दल समजावून झालं आहे, तरी तुम्ही सांगणार नाही अशी त्यांची खात्री झाली आहे, आणि आपण सांगणार आहोत हे त्यांनी तुम्हाला आधी कळवलं आहे, एवढं सगळं झाल्यावरच, समोरासमोर बसून. त्यामुळे समुपदेशकाला घरातल्या मारहाणीबद्दल स्पष्ट सांगा. ते लपवलंत तर त्यांना तुमचा धोका कळणार नाही.

सांगायचं ठरलंच तर आधी ही तयारी करा: आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, मुलांचे दाखले, एआरटीचं पुस्तक, पंधरा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आणि एसटीच्या भाड्यापुरते पैसे घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. माहेरच्या एका माणसाला दिवस आणि वेळ सांगून ठेवा. 112 आणि महिलांसाठीचा 181 हे नंबर फोनमध्ये वेगळ्या नावाने सेव्ह करा. शेतातल्या खोपीत, मळ्यावर, एकांतात हा विषय काढू नका. घरातून काढून देण्याची धमकी आली तर हे माहीत असू द्या: एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100 वर फोन करा.

ज्यांना सांगायचं नाही, त्यांच्या घरात गोळी कशी घ्यायची

एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला माहीत आणि सासू, जावा, दीर यांना नाही, अशी घरं पुष्कळ. तिथे गोष्ट फुटते ती बाटलीवरून. टीएलडीची बाटली तीस गोळ्यांची, झाकण घट्ट, वर इंग्रजीत औषधांची नावं, आणि हलवली की खुळखुळते. लोक गोळ्या कागदाच्या पुडीत किंवा कुंकवाच्या डबीत काढून ठेवतात, त्या ओल धरतात, पावसाळ्यात तर लवकरच. त्यापेक्षा मूळ बाटलीच ठेवा, आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढू नका, खुळखुळ थांबवायला वर कोरड्या कापसाचा बोळा घाला आणि बाटली कापडी पिशवीत कपड्यांच्या घडीत ठेवा. लेबल काढायचंच असेल तर आधी मुदतीची तारीख पेनाने बाटलीवर लिहा.

"ही रोजची कसली गोळी?" याला उत्तर ठरवून ठेवा. शक्तीची गोळी म्हणू नका, कोणीतरी मागून घेईल. टीबीची म्हणू नका, लोक ताट वेगळं करतील. "डॉक्टरांनी रोजची लावून दिलीय, बंद करायची नाही म्हणालेत" हे खरंही आहे आणि पुरेसंही.

लपवण्यापायी गोळी चुकायला लागली, पाहुणे आले म्हणून राहिली, जत्रेला गेलो म्हणून राहिली, असं महिन्यात दोन-तीनदा झालं, तर घरातल्या आणखी एका माणसाला सांगण्याची वेळ आली असं समजा. गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. ती किंमत कोणत्याही गुपितासाठी मोजण्यासारखी नाही.

सेंटरला जाताना ओळखीचं कोणी दिसण्याची भीती असेल तर दुसऱ्या एआरटी सेंटरला किंवा लिंक एआरटीला (सेंटरला जोडलेल्या, गोळ्या देणाऱ्या छोट्या केंद्राला) नाव हलवून मागा. तब्येत आणि व्हायरल लोड स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, खेपा कमी होतात.

मुलांना

ज्या मुलाला स्वतःला एचआयव्ही आहे त्याला एका दिवसात बसवून सांगायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की सहा ते बारा या वयात मुलाला त्याची स्थिती टप्प्याटप्प्याने कळलेली असावी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला: "तुझ्या अंगात आजाराशी लढणारे सैनिक आहेत, ही गोळी त्यांना ताकद देते." आठ-नऊला: "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते, गोळी चुकली की तो उठतो." दहाच्या पुढे, शाळेच्या पुस्तकात वाचण्याआधी, एचआयव्ही हे नाव. मुलाला संभाळणारी आजी किंवा मावशी असेल तर ही वाक्यं तिने आणि समुपदेशकाने सारखीच वापरावीत. नाहीतर मूल दोघींच्या बोलण्यातला फरक पकडतं.

मुलं बहुधा दोनच गोष्टी विचारतात, मी मरणार का आणि हे मला कोणी दिलं. पहिल्याला ठाम नाही म्हणा, रोज गोळी घेतलीस तर मोठा होशील. दुसऱ्याला, आईच्या पोटात असताना आलं, तिला माहीत नव्हतं. माहीत असूनही आईला उपचार मिळाले नव्हते, असं असेल तर तेही पुढे सांगावं, आईला दोष न देता. आणि हे कोणाला सांगायचं ते मुलासोबत ठरवा: "आपण हे आजी, मी आणि डॉक्टर एवढ्यांतच बोलतो." लाज वाटण्यासारखं काही आहे म्हणून नाही, दुसऱ्यांना नीट माहिती नसते म्हणून, हे त्याला सांगायला विसरू नका.

लग्न, दवाखाना, नोकरी, कागद

लग्न ठरवताना समोरच्या मुलाला किंवा मुलीला साखरपुड्याच्या आधी सांगा, मध्यस्थाला नको. मध्यस्थाला सांगितलं की दहा घरांत जातं. पहिल्या बघण्याच्या कार्यक्रमात सांगण्याची घाई नको. दोघांना पुढे जायचंय असं दिसलं की समुपदेशकासमोर बोला. लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात फसवणूक म्हणून उभं राहू शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे एका निरपराध माणसाची तपासणी लांबते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगणं तुमच्याच फायद्याचं. डोल्युटेग्राविर आणि गॅसची पातळ औषधं, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर एचआयव्हीचं औषध अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो, दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅमपर्यंत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राविर 50ची जादा गोळी लागते. डॉक्टरला माहीतच नसेल तर हे सगळं चुकतं. सांगताना केबिनचं दार लावून सांगा. केस पेपरवर मोठ्या अक्षरात किंवा खाटेला पाटी लावून लिहू नका असं तिथेच स्पष्ट म्हणा.

अंबड-सातपूरच्या कंपनीत, दुकानात, शाळेत सांगण्याची गरज नाही. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची चाचणी मागणं कायद्याने मना आहे. रजेच्या दाखल्यावर आजाराचं नाव घालायला लावू नका, ओपीडीत तपासणीला आले होते एवढं पुरतं.

विम्याचा फॉर्म मात्र वेगळा. तिथे विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलंत तर पुढे क्लेम अडकतो. संजय गांधी निराधार योजना आणि एसटीची प्रवास सवलत एचआयव्ही असलेल्यांना मिळू शकते, पण त्यासाठी कागद तहसीलमध्ये आणि कंडक्टरच्या हातात जातो. गावातल्या गावात अर्ज देण्याआधी विचार करा. डापकूच्या (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाच्या) किंवा एआरटी सेंटरच्या लोकांकडून प्रस्ताव पाठवता येतो का ते विचारा, बंद पाकिटात द्या, आणि सवलत घ्यायची की शांतता राखायची हे तुम्ही ठरवा. दोन्ही निर्णय बरोबरच आहेत.

गोष्ट बाहेर गेलीच तर

कोणीतरी फोडलंय हे कळल्यावर दारोदार जाऊन खुलासे करू नका, जितके खुलासे तितकी चर्चा. ज्याने विचारलं त्याला एकच वाक्य: "माझ्या तब्येतीचं मी आणि माझे डॉक्टर बघतो." ज्यांचं मत तुम्हाला खरोखर महत्त्वाचं आहे, अशा दोन-तीन माणसांना मात्र दुसऱ्याकडून ऐकण्याआधी स्वतः भेटून सांगा.

दवाखान्यातून, कंपनीतून किंवा शाळेतून माहिती फुटली असेल, किंवा त्यावरून कामावरून काढलं, उपचार नाकारले, तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे, आणि दवाखाना असेल तर वीस माणसांपासून, तक्रार अधिकारी असणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिला अर्ज त्याच्याकडे, पोच घेऊन. तिथे दाद लागली नाही किंवा प्रकरण गंभीर असेल तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यांनी 30 दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात 24 तासांत आदेश द्यायचा असतो. अर्ज कसा लिहायचा यासाठी डापकू आणि विधी सेवा प्राधिकरण मदत करतात. कोर्टात जायची वेळ आली तर तुमच्या नावाऐवजी टोपणनावाने खटला चालवण्याची आणि बंद दाराआड सुनावणीची मागणी पहिल्याच अर्जात करा.